अहिल्या : एका नावाचा निवाडा

बारशाला मुलीचे नाव ठेवताना घरातली माणसे एक निर्णय घेत असतात. त्यामागची कारणे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. पोथीकार आपले मत पोथीत नोंदवतो, राजा ताम्रपटात, कारभारी दप्तरात. ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही अशा असंख्य माणसांचे मत त्यांनी लेकीसुनांना दिलेल्या नावांत शिल्लक राहते. रामायणातली कैकेयी राजाची लाडकी राणी आहे, भरतासारख्या मुलाची आई आहे. तरी मराठी घरात मुलीचे नाव कैकेयी ठेवण्याची रीत नाही. त्याच रामायणातली गौतमपत्नी शापित आहे, आश्रमातून उठून गेलेल्या नवऱ्यामागे एकटी पडलेली आहे. तिचे नाव मात्र पिढ्यान् पिढ्या पाळण्यात पडलेल्या मुलींच्या कानात सांगितले गेले. हा योगायोग नव्हे. अहिल्या हे नाव म्हणजे एका जुन्या खटल्यात सामान्य माणसांनी दिलेला निवाडा आहे, असे माझे म्हणणे आहे. ग्रंथांनी तिला कधी दोषी मानले, कधी क्षमा केली, कधी तिचे रूपक करून प्रश्नच बाजूला सारला. लोकांनी तिचे नाव लेकीला दिले आणि तिला आपल्या घरात घेतले. पुढे अठराव्या शतकात हेच नाव धारण करणाऱ्या एका बाईने त्या निवाड्याला असे बळ दिले की आता मूळ खटलाच विसरला जाण्याची वेळ आली आहे. तो विसरला जाऊ नये, हे या पुस्तकामागचे एक कारण आहे.

आधी शब्दाकडे पाहू. संस्कृतात हे नाव ‘अहल्या’ असे आहे; मराठी बोलीत पुढच्या ‘य’च्या ओढीने मधला स्वर बदलून ‘अहिल्या’ झाले आणि तेच रूप रुळले. पुढील पानांत पौराणिक स्त्रीसाठी अहल्या आणि मराठी नावासाठी अहिल्या असा फरक शक्यतो पाळला आहे. अर्थाबद्दल परंपरेत एकवाक्यता नाही. रामायणाच्या उत्तरकांडात खुद्द ब्रह्मदेवाच्या तोंडी एक व्युत्पत्ती येते: ‘हल’ म्हणजे कुरूपता, आणि जिच्यात ती अजिबात नाही ती अहल्या. साऱ्या प्राण्यांतले उत्तम तेवढे वेचून ब्रह्मदेवाने तिला घडवले, अशी त्याला कथेची जोड आहे. व्याकरणाच्या अंगाने अधिक सरळ वाटणारा अर्थ वेगळा आहे. हल म्हणजे नांगर. पाणिनीने त्यापासून ‘हल्य’ हे रूप नांगरणीच्या अर्थी साधून दाखवले आहे. म्हणजे अहल्या ही नांगर न लागलेली जमीन. सीता या नावाचा अर्थ नांगराने पडलेले तास असा आहे, हे ध्यानात घेतले तर रामकथेतल्या या दोन स्त्रियांची नावे एकाच शेतातली ठरतात: एक कसलेली भुई, दुसरी पडीक. रवींद्रनाथ टागोरांनी या अर्थाचा आधार घेऊन अहल्येचा उद्धार म्हणजे दगडासारख्या निबर भूमीला लागवडीखाली आणणे, अशी मांडणी केली होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरी व्युत्पत्ती सर्वांत बोलकी आहे. मात्र ती नावापेक्षा व्युत्पत्ती सांगणाऱ्यांविषयीच जास्त सांगते. शतपथ ब्राह्मणात सोमयागाच्या वेळी इंद्राला जी हाक घातली जाते, तिच्यात त्याला अहल्येचा जार म्हटले आहे. म्हणजे ही गोष्ट वाल्मीकीच्याही आधीची, आणि यज्ञमंडपात उघडपणे उच्चारली जाणारी. पुढच्या काळात देवांचा राजा असा कसा, हा प्रश्न अडचणीचा झाला. सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टाने त्यावर तोड काढली: इंद्र म्हणजे सूर्य, अहल्या म्हणजे दिवसात लय पावणारी रात्र, आणि जार म्हणजे तिला जीर्ण करणारा. युक्तिवाद हुशारीचा आहे. पण त्यात बचाव इंद्राचा होतो. अहल्या निर्दोष ठरत नाही, ती नाहीशीच होते. रात्रीला काय सोसावे लागले, असे कुणी विचारत नाही. तिन्ही व्युत्पत्त्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. प्रत्येक अर्थ सांगणाऱ्याला त्या बाईचे काहीतरी करायचे होते: कुणाला तिचे सौंदर्य वर्णायचे होते, कुणाला देवाची अब्रू राखायची होती, कुणाला तिच्यात संस्कृतीचा इतिहास वाचायचा होता. म्हणून नावांच्या पुस्तकात ‘अहिल्या: निर्दोष, सुंदर’ असे एका ओळीत उरकलेले वाचून समाधान मानता येत नाही. नावाच्या व्युत्पत्तीचा शोध जरूर घ्यावा. पण आईबाप मुलीला नाव देतात तेव्हा धातू आणि प्रत्यय पाहून देत नाहीत, त्या नावाच्या माणसाकडे पाहून देतात.

ते माणूस ग्रंथागणिक बदलत गेले. वाल्मीकीच्या बालकांडात इंद्र गौतमाचा वेष घेऊन आश्रमात येतो. अहल्या त्याला ओळखते आणि देवराजाविषयीच्या कुतूहलाने होकार देते. गौतम परततो आणि शाप देतो. तो तिला काही विचारत नाही; तिची बाजू मांडली जात नाही. शिक्षा अशी की, तिने वायुभक्षण करून, राखेत पडून, कुणाच्याही नजरेस न पडता त्या आश्रमात हजारो वर्षे काढावीत. ती शिळा होत नाही. आणि राम येतो तेव्हा राम-लक्ष्मणच तिच्या पायांना हात लावतात. ती त्यांचे आतिथ्य करते आणि गौतम तिच्यासह पुन्हा तपाला लागतो. उत्तरकांडात गोष्ट बदलते. तिथे अहल्या तोंड उघडते आणि सांगते की, मी त्याला ओळखले नव्हते. दगडाची अहल्या आपल्याला कालिदासाच्या रघुवंशात आणि पुढे पुराणांत भेटते. तिथून रामाच्या पायधुळीने जिवंत होणारी शिळा हेच रूप पक्के होत गेले. पैठणच्या एकनाथांचे भावार्थ रामायण आणि श्रीधरांचा १७०३ सालचा रामविजय यांच्या पारायणांतून, कीर्तनांतून मराठी माणसाला अहल्या भेटली ती बहुतांशी ही. भक्तीच्या दृष्टीने या बदलाला अर्थ आहे: शिळेलाही उद्धार आहे तर माणसाला का नसावा? परंतु न्यायाच्या दृष्टीने काहीतरी हातचे गेले. वाल्मीकीच्या अहल्येला निदान पाय होते, आणि राजपुत्रांनी त्यांना स्पर्श केला होता. शिळेला दुसऱ्याच्या पायाची वाट पाहावी लागते.

गोदाकाठच्या परंपरेने मात्र तिला आणखी एक रूप दिले, आणि मराठवाड्यातल्या वाचकाने ते मुद्दाम लक्षात घ्यावे. गौतमाने आणली म्हणून गोदावरीला गौतमी म्हणतात. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात या नदीच्या तीर्थांच्या कथा आहेत, आणि त्यांत अहल्येचीही आहे. अहल्या कुणाला द्यायची यासाठी जो पृथ्वीची प्रदक्षिणा आधी पुरी करील त्याला, असा पण लागतो. सारे देव धावत सुटतात. गौतम मात्र वासराला जन्म देत असलेल्या सुरभी गाईला प्रदक्षिणा घालतो आणि ती पृथ्वीप्रदक्षिणेइतकी मानली जाते. पुढे शापाचा प्रसंग येतो, पण इथे अहल्या शिळा होत नाही, कोरडी नदी होते. आणि गौतमीला मिळाल्यावर तिला तिचे रूप परत मिळते. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी अहिल्या नावाचा प्रवाह आजही गोदावरीला मिळतो, आणि त्या संगमावर लोक श्राद्धादी विधी करतात. तेच पाणी पुढे पैठणच्या घाटाला लागते. म्हणजे एका बाजूला पारायणातली शिळा आणि दुसऱ्या बाजूला तीर्थातली नदी, अशा दोन अहल्या या प्रदेशाने एकाच वेळी सांभाळल्या. शिळेला कुणी तिऱ्हाइताने येऊन मुक्त करावे लागते. नदी आपल्या वाटेने वाहत जाऊन मुक्त होते. नदीची नावे मुलींना देण्याची मराठी रीत जुनी आहे: गोदावरी, कृष्णा, यमुना, भागीरथी. त्या पंगतीत अहिल्येलाही जागा होती.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. सकाळी उठून ज्या पाच स्त्रियांचे स्मरण करावे असे एका श्लोकात सांगितले आहे, त्यांत अहल्या पहिली आहे. तेव्हा नाव रुजले ते त्या श्लोकाच्या पाठांतराने, त्याला निवाडा म्हणण्याचे कारण काय? आक्षेपात तथ्य आहे. रोजच्या पठणाने नाव कानावर राहिले आणि त्याला पावित्र्य चिकटले, हे नाकारता येणार नाही. पण त्याच यादीतल्या बाकीच्या नावांचे काय झाले ते पाहावे. तारा सर्वत्र पसरली. द्रौपदी जुन्या पिढीत द्रौपदाबाई होऊन घरोघर होती. मंदोदरी मात्र पाठांतरात राहिली, पाळण्यात फारशी आली नाही. पाठांतर सर्वांचे सारखे, वापर वेगवेगळा. म्हणजे यादी पुढे ठेवली गेली, निवड लोकांनी केली. शिवाय तो श्लोकदेखील आपल्या परीने एक निर्णयच आहे. त्यातल्या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या आयुष्यात एकाहून अधिक पुरुषांचा संबंध आलेला आहे, आणि तरी त्यांच्या स्मरणाने पातक जाते असे सांगितले आहे. ज्यांना कडक शास्त्राने सहज दूर लोटले असते, त्यांना दिवसाच्या सुरुवातीला आणून बसवणारी ही परंपरा आंधळी म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आज कुणी मुलीचे नाव अहिल्या ठेवते ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून. ऋषिपत्नीचा तिथे संबंध काय? राणीच्या कर्तृत्वाने नाव उजळले, त्याआधी ते डागाळलेलेच होते, असे यातून सुचवले जाते. याला उत्तर देणारा पुरावा स्वतः राणीचा जन्म हाच आहे. ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडी गावात पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी मुलगी जन्मली, आणि तिचे नाव अहिल्या ठेवले गेले. त्या दिवशी होळकरांची राणी अहिल्या अस्तित्वात नव्हती. ती पाळण्यात होती. माणकोजींच्या घरापुढे या नावाची जी थोर स्त्री होती ती गौतमाची अहल्याच. खेड्यातल्या एका पाटलाला, शेतीवाडी करणाऱ्या कुटुंबाला, आपल्या मुलीला तिचे नाव द्यावेसे वाटले; त्यात अशुभ, लाजिरवाणे काही दिसले नाही. निवाडा राणीच्या आधीच झालेला होता. लग्नानंतर ती ज्या घरात गेली तिथल्या सासूचे, मल्हारराव होळकरांच्या पत्नीचे नाव गौतमाबाई होते. पुराणातल्या कुटुंबाची नावे मराठी घरांत किती सहज नांदत होती, हे यावरून कळते.

राणीने नावात भर घातली ती मात्र अशी की, तिला तोड नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ मधल्या मृत्यूपर्यंत महेश्वरहून त्यांनी राज्य सांभाळले. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत माळव्यात कारभार करणाऱ्या जॉन माल्कमने त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात राणीचा दिनक्रम आहे. पहाटे सूर्योदयाच्या तासभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन. मग दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा रात्री नऊपासून अकरापर्यंत कामकाज. दरबारात गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याचे म्हणणे त्या स्वतः ऐकत. एका विद्वानाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला सांगितला, अशीही हकीकत माल्कम देतो. आता बालकांडातला आश्रम आठवावा. तिथे अहल्येला शिक्षा झाली, पण तिला कुणी विचारले नाही. त्याच नावाची दुसरी स्त्री तीस वर्षांच्या आसपास रोज तासन् तास लोकांचे ऐकत बसली आणि ऐकल्यावर निर्णय देत गेली. जिची बाजू ऐकली गेली नाही तिचे नाव, ऐकून घेण्याचे दुसरे नाव झाले. मला या नावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच वाटते. कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा ती नावाला जास्त अर्थ देते.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला याचा दाखला हाताच्या अंतरावर आहे. वेरूळचे घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि आज उभे आहे ते लाल दगडातले, अंगभर कोरीव काम असलेले मंदिर अहिल्याबाईंच्या काळच्या जीर्णोद्धारातले.  काशी, सोमनाथ, गया इथली त्यांची बांधकामे तर त्यांच्या राज्याबाहेरची. या कामांना आधार होता तो मुख्यतः खासगीचा, म्हणजे राज्याच्या खजिन्यापासून वेगळ्या राखलेल्या उत्पन्नाचा. ही खासगी जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे करून दिली होती. सासूकडून सुनेकडे आलेल्या पैशातून परमुलखातली देवळे, घाट, बारवा, धर्मशाळा उभ्या राहिल्या. जिथे होळकरांचा हुकूम चालत नव्हता तिथेही अहिल्या हे नाव आदराने घेतले गेले, त्याचे कारण हे आहे. सत्तेच्या जोरावर पसरलेले नाव सत्तेबरोबर ओसरते. पाण्याच्या सोयीने आणि सावलीने पसरलेल्या नावाला ती भीती नसते.

याच वेरुळात आणखी एक स्त्री आहे आणि तिची तुलना उद्बोधक ठरते. घृष्णेश्वराला घुश्मेश्वरही म्हणतात, ते घुश्मा नावाच्या भक्तिणीवरून. ती रोज एकशे एक पार्थिव लिंगे करून पुजायची आणि तळ्यात विसर्जित करायची. सवतीने, म्हणजे सख्ख्या बहिणीनेच, मत्सराने तिच्या मुलाला मारले. तरी तिने पूजा सोडली नाही, मारणारीसाठीही क्षमा मागितली, आणि देवाने मुलगा परत देऊन तिचे नाव स्वतः घेतले. देवाला बाईच्या नावाने ओळखले जाते, यापेक्षा मोठा मान तो कोणता? तरी घुश्मा हे नाव मुलींना देण्याची प्रथा पडली नाही. शहरातल्या बीबी का मकबऱ्याचीही गोष्ट पाहण्याजोगी आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. मृत्यूनंतर तिला राबिया-उद-दौरानी, म्हणजे आपल्या काळातली राबिया, हा किताब मिळाला, तो बसऱ्याच्या सूफी संत राबियावरून. एका थोर स्त्रीचे नाव दुसरीला देऊन तिला त्या परंपरेत बसवण्याची ही रीतही अहिल्येसारखीच. पण लोकांच्या तोंडी राहिले ते नुसते ‘बीबी’. एवढी देखणी वास्तू तिचे स्वतःचे नाव बोलीत टिकवू शकली नाही. या दोन उदाहरणांवरून मी असे म्हणतो की, पावित्र्य एकटे नाव चालवत नाही आणि वास्तूही एकटी चालवत नाही. ज्या नावाच्या स्त्रीविषयी लोकांच्या मनात काही प्रश्न जागा असतो, आणि जिचे वागणे त्या प्रश्नाला उत्तर देते, ते नाव पिढी ओलांडते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव दिले गेले, २०२४ मध्ये अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. चौक, योजना, पुतळे यांच्यामुळे हे नाव आता सार्वजनिक आणि राजकीय झाले आहे, ते एका समाजाच्या अस्मितेचे प्रतीक बनले आहे, आणि म्हणून घरगुती नाव म्हणून त्याचा विचार करणे आता भाबडेपणाचे ठरेल, असे म्हटले जाते. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशी नावे पाहिलेल्या शहरात राहणाऱ्याला स्थळनामांचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. धनगर समाजाला या राणीचा वाटणारा अभिमान अगदी रास्त आहे. तिची आठवण त्या समाजाने निष्ठेने जपली, याचे ऋण सर्वांवर आहे. पण शहराचे नाव शासन ठरवते, मुलीचे नाव घर ठरवते. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या अहिल्या रांगणेकर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, गिरणी कामगारांच्या वस्त्यांत, १९७०च्या दशकातल्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांत उभ्या राहिल्या आणि १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. राणी शिवभक्त, या साम्यवादी. दोघींची श्रद्धास्थाने एकमेकींपासून कोसो दूर. तरी नाव दोघींना सारखेच शोभले, कारण गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला सामोरे जाणे हे दोघींनीही आपले काम मानले. नाव एका गटाचे असते तर ते इतक्या वेगळ्या आयुष्यांना पेलले नसते.

पुढील प्रकरणांत हा सारा पुरावा सविस्तर मांडला आहे: आधी वैदिक आणि पौराणिक अहल्या, मग मराठी संतकवींची, मग गोदातीरीची, नंतर होळकरांची, आणि शेवटी आधुनिक साहित्याने पुन्हा उभी केलेली. तमिळ कथाकार पुदुमैपित्तन यांच्या १९४३च्या कथेत सीतेच्या अग्निपरीक्षेची हकीकत ऐकून अहल्या पुन्हा दगड होते. जुना खटला भारतभर अजून मिटलेला नाही, याची ती खूण. म्हणूनच एक आग्रह इथे स्पष्टपणे नोंदवतो. अलीकडे हे नाव ठेवताना ‘राणीवरून ठेवले’ असे सांगून ऋषिपत्नीला टाळण्याकडे कल दिसतो. ते सोपे आहे, पण त्यात माणकोजी पाटलांच्या काळच्या माणसांनी दाखवलेले धैर्य वाया जाते. त्यांनी शापित बाईचे नाव लपवले नाही, बदलले नाही. ते लेकीला दिले. आज ज्या घरात अहिल्या वाढत असेल तिथे, ती विचारू लागेल तेव्हा, तिला दोन्ही गोष्टी सांगाव्यात: एकीला न विचारता शिक्षा झाली, आणि दुसरीने विचारल्याशिवाय कुणाला शिक्षा होऊ नये म्हणून आयुष्य घालवले. पहिली वगळली तर दुसरीचे मोठेपण नुसते राणीपण उरते. दोन्ही कळल्या, तर आपल्याला कुणाचे नाव मिळाले आणि ते कशासाठी चालवायचे, हे त्या मुलीला वेगळे सांगावे लागणार नाही.

छत्रपती संभाजीनगर